तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्याला चालेल असं एकच काही आहे का?

फरशी, भांडी, संडास यांच्यासाठी मी बाजारातल्या बाटल्या जवळजवळ आणतच नाही, हे आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे जिन्यात, भाजीच्या गाडीवर, चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोणी ना कोणी विचारतंच, "अहो, घरी करता येईल आणि सगळ्याला चालेल असं एकच काहीतरी सांगा ना." प्रश्न मनापासून असतो आणि घाईतही असतो, म्हणून दारात उभ्या उभ्या मी काहीतरी अर्धवट सांगून मोकळी होते. आज नीट बसून लिहिते.

असं एकच काही नसतं. मळ कशाचा आहे आणि तो कशावर बसलाय, या दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात.

हे मी शिकले सासूबाईंकडून. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा आमचं बिऱ्हाड कसबा पेठेत होतं, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी कामाला निघायच्या आधीच हातोड्यांची ठकठक कानावर यायची. घरात तांब्याचा बंब होता, घंगाळं होतं, पाण्याचा हंडा होता. मी कशालाही डाग दिसला की घासणी घेऊन बसायची. सासूबाई आधी विचारायच्या, "कशाचा आहे गं?" तेलाचा असेल तर त्या राख काढायच्या. पाण्याचा असेल तर लिंबाची साल. तांबं काळवंडलं असेल तर चिंच. ओशटाला चिंच लावलेली त्यांना खपायची नाही. "चिंच फुकट गेली आणि तेल तिथंच," म्हणायच्या.

बंब घासणं हे बघण्यासारखं काम होतं. आमटीला वापरून उरलेला चिंचेचा चोथा त्या वाटीत जपून ठेवायच्या, दर रविवारी त्यात चिमूटभर जाडं मीठ घालायच्या आणि नारळाच्या शेंडीनं बंबाच्या पोटावर गोल गोल फिरवायच्या. जोर लावायच्या नाहीत. चोथा तपकिरी पडत जायचा आणि त्याच्या मागोमाग तांब्याचा गुलाबी रंग वर यायचा, अगदी हात फिरेल तेवढाच पट्टा. तांब्यावर हवेनं चढलेला काळपट थर आंबटात विरघळतो, मिठानं ते काम लवकर होतं, शिवाय मीठ खरखरीत असल्यानं घासायलाही मदत होते. लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत हिरवट डाग येतात. आतून कल्हई केलेल्या पातेल्याला मात्र आतून असं घासायचं नाही. बाहेरून काय ते करा.

त्यांच्या त्या "कशाचा आहे गं" मधून माझ्या डोक्यात तीन कप्पे तयार झाले: आंबट, खार आणि फेस.

आंबटानं क्षार जातात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यानं नळाला, शॉवरला, बादलीच्या आतून जो पांढरा थर बसतो, तो बहुतेक चुन्याचाच प्रकार असतो. साबणानं तो हलत नाही. लिंबूसत्त्वाची पूड किराणा दुकानात मिळते. लिटरभर पाण्यात तीन चमचे घालून फडकं भिजवायचं, नळाला गुंडाळायचं आणि अर्ध्या तासानं पुसून घ्यायचं. रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा खराब होतो. संडासाच्या भांड्यातल्या पिवळ्या थराला मात्र रात्रभर ठेवलेलं चालतं. चार चमचे पूड कडेकडेनं टाका, सकाळी ब्रशनं घासा. खडकवासल्याचं नळाचं पाणी येतं त्या घरांना हा त्रास पुष्कळ कमी. त्यामुळे पेठेतल्या मैत्रिणीनं सांगितलेला उपाय वाघोलीच्या मैत्रिणीला पुरेलच असं नाही.

खारानं तेल जातं. चुलीची राख हे जुनं खार. आता राख कुठून आणणार, म्हणून धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा वेगळा, तो फार सौम्य. चहाच्या कपातले डाग, फ्रीजमधला वास, एवढ्यापुरता तो बरा. शेगडीवरचा चिकटा, डब्यांच्या बाहेर बसलेला तेलधुळीचा थर, ओट्यामागच्या टाइल्स यांना धुण्याचा सोडा लागतो आणि पाणी कढत लागतं. लिटरला दोन मोठे चमचे. हा सोडा तेलाचा थोडाफार साबणच करून टाकतो, म्हणून हातालाही तो बुळबुळीत लागतो. हातमोजे घाला. आणि अ‍ॅल्युमिनियमला लावू नका. चिमणीची जाळी पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची असते, सोड्यात भिजत घातली की काळी पडते आणि तो काळेपणा परत जात नाही.

आता फेस, म्हणजे रिठा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा जीव यात आहे.

रिठे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, रविवार पेठेकडे गेलात तर सहज. बी काढलेली टरफलं घ्या, नाहीतर वजनातला बराच भाग बियांचा जातो. चांगला रिठा हाताला किंचित चिकट लागतो, उजेडात धरला तर गडद मधाच्या रंगाचा दिसतो. अगदी वाळून कोळ झालेला घेऊ नका. दहा-बारा टरफलं लिटरभर पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी ती फुगून मऊ झालेली असतात आणि पाण्याला एक आंबूस, थोडा ओल्या लाकडासारखा वास येतो. तो वास काहींना नको वाटतो, मला आता सवय झाली आहे. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. समोरून हलू नका, दुधासारखं उतू जातं आणि शेगडी धुवावी लागते. गार झालं की हातानं चांगलं कुस्करा. कुस्करताना बोटांमधून बारीक, दाट फेस येतो, ताकाच्या रवीवर येतो तसा. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. उरलेल्या चोथ्याला आणखी एकदा पाणी घालून उकळा, ते दुसरं पाणी फरशीला चालतं.

रिठ्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, फेस त्याचाच. ते मळाला पाण्यात धरून ठेवतं, साबण करतो तेच काम, पण जड पाण्यात साबणाचा जसा पांढरा चोथा होतो तसा याचा होत नाही. रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, सोन्याचे दागिने, शहाबादी फरशी, या सगळ्याला मी डोळे झाकून रिठाच वापरते. खूप तेलकट कढईला तो एकटा पुरत नाही, हेही सांगून ठेवते. तिला आधी कागदानं पुसायचं, मग सोडा, मग रिठा. काढलेलं पाणी फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. बाहेर उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबतं. म्हणून एकदम पाच लिटर करून ठेवायचा मोह धरू नका.

डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं. झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी, असा समज असेल तर तो काढून टाका. रिठ्याच्या पाण्यानं मासे गुंगतात आणि मरतातही. पूर्वी मासे धरायला तो वापरत असत. आपण वापरतो ते थोडं असतं आणि लवकर कुजून जातं, पण माशांच्या टाकीजवळ तो नको.

संत्र्या-मोसंबीच्या सालींच्या बायोएन्झाइमबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूमपानवोंग यांनी प्रसारात आणलेली ही कृती आज पुण्यात घरोघरी पोचली आहे. प्रमाण सोपं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची नको, कारण पहिल्या महिन्यात आत वायू साठतो. रोज झाकण सैल करून तो जाऊ द्यायचा. तीन महिन्यांनी गाळलं की आंबट वासाचं तपकिरी पाणी मिळतं. साली आमच्या कोपऱ्यावरचा ज्यूसवाला पिशवी भरून देतो, मीच त्याला पिशवी नेऊन देते.

हे पाणी चांगलं आहे. बेसिन, सिंक, बाथरूमच्या टाइल्स छान निघतात, आणि साली कचऱ्यात जात नाहीत. पण नाव काही असो, माझ्या हिशेबात ते आंबटाच्या कप्प्यातलं आहे. म्हणून आंबटाचे नियम त्यालाही लागू. हे मला महागात पडून कळलं. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या या जुन्या इमारतीत स्वयंपाकघरात शहाबादी आहे, आणि देवघरासमोर संगमरवराची एक पट्टी. गौरी-गणपतीच्या आधीची सफाई चालली होती. मी बायोएन्झाइमची बाटली त्या पट्टीवर ठेवली आणि तशीच विसरले. बाटली बुडाशी पाझरत होती. सकाळी उचलली तर खाली तिच्या बुडाचं वर्तुळ, पांढरट, खरबरीत. बोट फिरवलं की चकचकीत दगडावरून एकदम वाळूवर आल्यासारखं लागायचं. शहाबादी काय, कोटा काय, संगमरवर काय, सगळे चुन्याचे दगड. आंबट त्यांना खातंच. तो डाग पुसून जात नाही, कारण तो डाग नसतो, तेवढा दगडच गेलेला असतो. पॉलिशवाल्याकडून घासून घेतलं तरी उन्हं तिरपी आली की अजून ते वर्तुळ दिसतं.

तुमची फरशी कुठली हे नक्की माहीत नसेल तर पलंगाखाली, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा. बुडबुडे आले किंवा ती जागा मंद पडली तर त्या घरात फरशीला लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम काहीही नाही. जुन्या मोझॅकलाही नाही, त्यात सिमेंट आणि संगमरवराची खडी असते. ग्रॅनाइटच्या ओट्याला आणि आताच्या व्हिट्रिफाइड टाइल्सना पातळ केलेलं चालतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू का, असं विचारणाऱ्यांना थोडक्यात: नको. फसफसतं खूप, पण खार आणि आंबट एकमेकांना संपवतात आणि हातात जवळजवळ खारट पाणी उरतं. एक वापरा, धुवा, मग हवं तर दुसरं.

यापुढचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी आधी एका घरी जायच्या. तिथं त्यांनी एकदा दार लावून घेतलेल्या बाथरूममध्ये अ‍ॅसिड टाकलं आणि डाग जाईना म्हणून वर ब्लीचिंग पावडर. "ताई, छाती अशी धरली, दाराची कडी सापडंना," असं त्यांनी सांगितलं तेव्हाही त्यांचा हात छातीवर गेला होता. ब्लीच आणि कुठलंही आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. लिंबूसत्त्व, व्हिनेगर, बायोएन्झाइम, सगळं त्यात आलं. घरगुती आहे म्हणून यातून सूट नाही. आदल्या दिवशी ब्लीच टाकलं असेल तर आधी भरपूर पाणी ओता, खिडकी उघडा, मगच दुसरं काही. आणि घरात उलट्या-जुलाबाची साथ असेल तेव्हा माझ्या या बाटल्या बाजूला ठेवा. मळ काढणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्या दिवसांत संडासाला ब्लीचच वापरा, वेष्टणावर लिहिलेल्या प्रमाणात.

मावशींमुळेच खरं तर मी हे सगळं नेटानं सुरू केलं. त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या, हळद लावून यायच्या. आमच्याकडे आता हातमोजे आहेत आणि रिठा आहे. भेगा भरल्या. दोन्ही एकदमच सुरू केल्यामुळे श्रेय रिठ्याला किती आणि हातमोज्यांना किती, ते मी सांगू शकत नाही.

दुसरं कारण माझ्या माहेरचं आहे. माझं माहेर सोलापूर. पुण्याच्या मोऱ्यांमधलं सगळंच सांडपाणी काही शुद्ध होऊन नदीत जात नाही. मुठा संगमाला मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेवर उजनी. सोलापूरला पिण्याचं पाणी उजनीतून येतं. मी इथं ओतलेलं काहीतरी आईच्या हंड्यात जातं, हे एकदा मनात आलं की बाटलीचं झाकण उघडताना हात थबकतो. दर आठवड्याला अ‍ॅसिड ओतणं माझ्याच्यानं मग झालं नाही.

एक शेवटचं, कारण हे कुणी विचारत नाही. बाटल्यांवर चिठ्ठी लावा. बायोएन्झाइमचा रंग थेट कोकम सरबतासारखा नसला तरी चिंचेच्या पन्ह्यासारखा असतो, आणि आपण ते हटकून सरबताच्याच जुन्या बाटलीत भरतो. माझ्या भाच्यानं खेळून आल्यावर ती बाटली तोंडापर्यंत नेली होती. आता सगळ्या बाटल्या मोरीच्या वरच्या फळीवर असतात, आणि प्रत्येकीवर जाड मार्करनं लिहिलेलं असतं: काय आहे, कधी भरलं, आणि कशावर टाकायचं नाही.