हात नाही, पोट दमलं

समुद्रात पोहण्याच्या सहा तासांच्या सरावात चौथ्या तासाला मला उलटी झाली. पाण्यातच. हात व्यवस्थित चालत होते, दमही टिकून होता. पोट मात्र टणक झालं होतं आणि दर वळणाला घशाशी गोड पाणी येत होतं. दोष समुद्राला देऊन मोकळा झालो.

खरं कारण माझ्याच बाटलीत होतं. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, मावतं साधारण 400 ते 500 ग्रॅम. जोर लावून पोहलं की दोन-अडीच तासांत साठा तळाला लागतो. पुढची भिस्त बाटलीवर. मी तासाला 60 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (आतड्यात ग्लुकोज होणारी पिष्टाची पूड) घ्यायचो. हे प्रमाण ठीकच होतं. पण ते कालवायचो जेमतेम 300 मिली पाण्यात, म्हणजे 20 टक्के! इतकं दाट पेय पोटात रेंगाळतं आणि ते पातळ करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढतं. वरून गिळलेलं खारं पाणी आहेच.

मग अर्ध्या तासाला 30 ग्रॅम, 400 मिली कोमट पाण्यात, असं सुरू केलं. सोबतच्या बोटीला हात लावायचा नाही हा नियम, त्यामुळे दोरीला बांधलेली बाटली उताणं होऊन रिकामी करायची. थांबलं की अंग गारठतं, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. हेही तलावात आठवडे न् आठवडे घोटवावं लागलं, कारण आतड्यालाही सवय लागते. ती लागल्यावर थोडं फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, मिसळलं. ते ग्लुकोजपेक्षा वेगळ्या वाटेने शोषलं जातं, त्यामुळे तासाला 75 ग्रॅमही पचू लागले.

(1875 मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेलेल्या मॅथ्यू वेबला वाटेत ब्रँडी दिली होती. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली ऊब आणखी निसटते. तरी तो पावणेबावीस तास पोहला!)

मिठाने सोललेल्या जिभेवर मात्र उपाय सापडला नाही. पातळ केलेल्या माउथवॉशने चूळ भरली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, एवढंच.

पुढच्या सहा तासांच्या सरावात बोटीवरची मैत्रीण दर तासाला ओरडून विचारायची, "लघवी झाली का?" पहिल्यांदा लाजलो. पण प्यालेलं पोटातच साचतंय की पुढे जातंय, हे बोटीवरून कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. पाचव्या तासाला तिने तेच विचारलं. मी म्हटलं, "झाली. आणि भूक लागलीय."