विंडहुकच्या नळाचं पाणी

नामिबियाला जाणारे बहुतेक लोक विंडहुकला विमानातून उतरतात आणि परतताना विमानात चढतात, एवढाच त्या राजधानीशी त्यांचा संबंध. जाताना आम्हीही तसंच केलं. विमानतळावरच गाडी ताब्यात घेतली आणि उत्तरेचा रस्ता धरला. तिथल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानाबद्दल इथे फार लिहीत नाही. ओकाउकुएजोच्या पाणवठ्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात काळे गेंडे पाणी प्यायला आले आणि आई बाकावरून उठायलाच तयार होईना, एवढं सांगितलं तरी पुरे.

सफारीनंतर मात्र आम्ही विंडहुकला मुक्काम ठेवला होता आणि तो ठेवला याचा मला फार आनंद आहे. शहर साधारण 1650 मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत आहे. हवा कोरडी आणि संध्याकाळी छान गार. हॉर्न जवळजवळ ऐकूच येत नाही. शनिवारी दुपारी बरीच दुकानं बंद होतात आणि इंडिपेंडन्स अव्हेन्यूवर माणसं शोधावी लागतात. आठवडाभर धुळीच्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी झाल्यावर असं निवांत शहर मिळणं म्हणजे सुखच.

पण ही पोस्ट लिहायला बसलो ते एका भांडंभर पाण्यासाठी.

आम्ही उतरलो होतो त्या घरी सकाळी न्याहारीच्या टेबलावर काचेचा जग होता. सहल ठरवून देणाऱ्या एजंटाने नळाचं पाणी पिऊ नका म्हणून बजावलं होतं आणि बाटल्यांचे खोके गाडीत भरून दिले होते. आईने मला विचारायला सांगितलं, पाणी उकळलेलं आहे का? घरमालकीणबाई म्हणाल्या, "नळाचंच आहे, आम्ही सगळे हेच पितो." आणि अगदी सहज पुढे म्हणाल्या की यातलं काही पाणी आमच्याच सांडपाण्याचं, शुद्ध करून परत आलेलं.

मी आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे गटाराचं?"

"हो. शुद्ध करून."

"कधीपासून करतात हे?"

"1968 पासून."

आई गप्प झाली. आम्ही लातूरचे. 2016 च्या मार्चमध्ये आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पाण्याच्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. त्या उन्हाळ्यात आई घागरी घेऊन टँकरमागे उभी राहायची, टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. भांडी धुतलेलं पाणी ती बादलीत साठवायची आणि तेच संडासात वापरायची. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत तिला कोणी काही शिकवायची गरज नाही. तिने ग्लास उजेडात धरून पाहिला, वास घेतला, पाणी प्याली. मग दुसरा ग्लास भरून घेतला. माझा घसा दाटून आला होता.

घरमालकीणबाईंना आमचे प्रश्न आवडले असावेत, कारण त्या बराच वेळ बोलत बसल्या. नामिबियात बारमाही नद्या फक्त सीमेवर आहेत, त्याही राजधानीपासून शेकडो किलोमीटर लांब. विंडहुकचा वर्षाचा पाऊस सरासरी 360 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे लातूरच्या निम्म्याहून कमी. म्हणून इथे कारखान्यांचं पाणी सुरुवातीपासून वेगळं ठेवतात आणि फक्त घरगुती सांडपाणी गोरेआंगाबच्या प्रकल्पाकडे जातं. तिथे ओझोन, कोळशाचे थर, बारीक पडद्यांची गाळणी, क्लोरीन असे एकामागून एक टप्पे असतात. एक टप्पा चुकला तरी पुढचा सांभाळून घेईल, अशी ती रचना. मग ते पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून नळाला सोडतात. 2002 मध्ये नवा प्रकल्प झाला, त्याची क्षमता दिवसाला 2 कोटी 10 लाख लिटर. सांडपाण्यातून थेट पिण्याचं पाणी करणारं हे जगातलं पहिलं शहर. आणि 2016 मध्ये, लातूरला रेल्वे येत होती त्याच वर्षी, इथलीही धरणं तळाला गेली होती. तेव्हा या पाण्याचा मोठा आधार झाला.

नंतर आम्ही शहर पाहिलं. 1910 चं जर्मन चर्च, जुना किल्ला आणि शेजारीच स्वातंत्र्याचं उंच संग्रहालय. हेरेरो आणि नामा लोकांच्या 1904 ते 1908 च्या नरसंहाराचं स्मारकही तिथेच आहे. त्या किल्ल्याजवळ कैद्यांची छावणी होती हे कळल्यावर चर्चचे फोटो काढावेसे वाटले नाहीत. दुपारी शहरातल्या काटुटुरा वस्तीच्या बाजारात निखाऱ्यांवर भाजलेला कपाना खाल्ला. मांसाचे तुकडे कागदावर टाकून वर तिखट मसाला. मला फार आवडला.

पण आईच्या डोक्यात पाणीच होतं. परतीच्या प्रवासात अदिस अबाबाला विमानाची वाट पाहताना ती म्हणाली, "आपल्याकडे सगळे उजनीची पाइपलाइन मागतात. गल्लीतून वाहून जातं त्या पाण्याचं कोणी बोलतच नाही." तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. घरी आल्यावर पाणीपुरवठ्यातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरला हे सगळं सविस्तर लिहून पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन त्यांना भेटायला जाणार आहे.