घरकुल मंजूर झालं, पण जागा कुणाच्या नावावर?

आईचं नाव २०१८च्या सर्वेक्षणातून निघालेल्या 'ड' यादीत, म्हणजे घरकुलासाठी वाट बघणाऱ्यांच्या यादीत होतं. मध्ये बरीच वर्षं गेली आणि २०२५ मध्ये पंतप्रधान आवास योजनेतून तिला घरकुल मंजूर झालं. मंजुरीपत्र हातात आल्यावर कळलं की पैशांपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे.

ग्रामसेवकांनी नमुना नंबर आठचा उतारा, म्हणजे घर-जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा ग्रामपंचायतीचा कागद मागितला. उतारा काढला तर त्यावर अजून आजोबांचंच नाव! वडील गेले, आजोबा त्याआधीच गेले, पण नोंद बदलायला कुणी गेलंच नव्हतं. मराठवाड्यात आमच्यासारखी अशी घरं गावोगाव आहेत. घर पडायला आलेलं असतं आणि कागदावर मालक तिसऱ्या पिढीमागचा.

दोन्ही चुलत्यांची संमती लागणार होती. धाकटे काका लगेच तयार झाले. थोरल्या काकांना भीती होती की आज सही केली तर उद्या आपला हिस्सा जाईल. त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी आईच त्यांच्या घरी गेली. म्हणाली, "भाऊजी, आधी दोरी धरू, तुमची हद्द तुम्हीच दाखवा, मग कागद करू." अंगणात दोरी धरली, चुना टाकला, पंचांसमोर वाटणीचा कागद झाला. तो ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठेवला आणि ठराव झाल्यावर उताऱ्यावर आईचं नाव चढलं.

मग जुन्या घरापुढे आईला उभं करून मोबाईलवर फोटो काढला, जिओ टॅगिंग झालं, म्हणजे जागेचं ठिकाण फोटोसोबत नोंदवलं गेलं. पहिला हप्ता पंधरा हजारांचा. पुढचे हप्ते बांधकाम जसं वर येईल तसे मिळतात. म्हणजे जोतं आधी घालायचं, पैसे नंतर. सिमेंट-सळई उधारीवर आणावी लागली. ज्याला दुकानदार उधार देत नाही, त्याचं काम इथेच थांबतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार, पण तेवढंच नसतं. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने ते २८ हजार ८० रुपये होत होते. त्यासाठी जॉब कार्ड हवं आणि मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, वेळेवर निघायला हवं. रोजगार सेवकाच्या मागे लागा, हे पैसे बरेच जण सोडून देतात. शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्य सरकारनेही २०२५ मध्येच अनुदानात ५० हजारांची वाढ जाहीर केली. घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत आहे, तिचा अर्ज जोत्याआधीच द्या.

स्लॅब पडला, आई राहायला गेली. २६९ चौरस फूट म्हणजे फार नाही, पण पावसात भांडी मांडून बसावं लागत नाही.

आमच्या मागच्या वस्तीतल्या मावशींचं घरकुल मात्र अडलंय. त्या गायरानात, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर राहतात, त्या जागेचा उतारा निघत नाही. भूमिहीनांना जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता एक लाखापर्यंत मदत मिळते, पण गावात तेवढ्या पैशांत गुंठाभर जागा विकणारा कोणी सापडत नाही. त्यांचा प्रस्ताव तयार आहे. पंचायत समितीत तो द्यायला मी त्यांच्यासोबत जाणार आहे, आणि येत्या ग्रामसभेत गावठाण वाढवण्याचा विषयही मांडणार आहे.