वहीतले निळे ओघळ

आठवीत असताना जुलैमधल्या एका सकाळी नागपूरच्या महाल भागातून शाळेकडे येताना पावसाने मला गाठले आणि दप्तरातील संस्कृतची वही भिजून, झरणीने लिहिलेले ‘विद्या ददाति विनयम्’ हे सुभाषित त्याच्या अर्थासह निळ्या ओघळांत वाहून गेले. “सर, सगळी अक्षरे गेली,” असे मी रडवेल्या आवाजात म्हणालो. सरांनी ते पान उजेडाकडे धरून निरखले आणि म्हणाले, “शाई गेली रे बाळा, अक्षर कसे जाईल?”

तो सगळा तास त्या एका शब्दावर गेला. ‘क्षर्’ या धातूचा अर्थ वाहणे, पाझरणे, झिजत नाहीसे होणे. ‘न क्षरति’, म्हणजे जे असे ओसरून संपत नाही, ते अक्षर. आपले ‘झरणे’ हे क्रियापदही प्राकृतातून याच धातूपासून आलेले आहे, हे सांगताना त्यांनी माझ्या खिशातली झरणी काढून वर्गाला दाखवली, आणि शाई झरवणारी ती लेखणी व अक्षर एकाच कुळातले आहेत हे कळून मी रडायचे विसरलो. पतंजलींच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात ‘व्यापणे’ या अर्थाच्या ‘अश्’ धातूपासूनची दुसरी व्युत्पत्तीही आहे. मला मात्र आजही पहिलीच अधिक जवळची वाटते.

अक्षर म्हणजे मुळात कागदावरची खूण नव्हे, तर स्वरासह एका दमात उच्चारला जाणारा ध्वनी. म्हणूनच वैदिक छंद अक्षरांनी मोजले जातात, गायत्रीची 24 आणि अनुष्टुभाची 32. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी गार्गीला जे तत्त्व स्थूल नाही, सूक्ष्म नाही, ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही असे सांगतात, त्यालाही हेच नाव आहे, आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर व अक्षर असे दोन पुरुष समोरासमोर उभे आहेत. एवढा थोर शब्द मराठीने पोराटोरांच्या हस्ताक्षरालाही दिला, “तुझे अक्षर सुधार” असे आई सहज म्हणून जाते, याचे मला फार अप्रूप वाटते.

तास संपत आला तेव्हा सरांनी मला उभे करून ते सुभाषित म्हणायला लावले. वर्गातली सगळी मुले बोटांच्या पेरांवर आठ-आठ मोजत होती आणि बत्तिसावे अक्षर उच्चारताच सरांनी ती ओली वही माझ्या हातात दिली.