स्वस्तातला गेमिंग पीसी आणि एकाच नावाची दोन कार्डं

बजेट बिल्डचा विषय निघाला की लगेच याद्या सुरू होतात, हा प्रोसेसर घे, ते ग्राफिक्स कार्ड घे, झाला तुझा पीसी. माझ्याकडेही अशा याद्या येतात, ओळखीतली पोरं पाठवतात, "दादा एकदा नजर टाक ना". आणि मी नजर टाकतो ती नावावर नाही, तर नावापुढे काय लिहायचं राहिलंय त्यावर. कारण स्वस्त पार्ट स्वस्त का असतो, तर कंपनीने त्यातून काहीतरी कापलेलं असतं. त्यात गैर काही नाही, सगळ्यांनाच सगळं नको असतं. पण काय कापलंय हे खोक्याच्या दर्शनी बाजूला कुणी लिहीत नाही, ते आपल्यालाच स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात शिरून शोधावं लागतं आणि मग ठरवायचं की हे कापलेलं आपल्याला खेळताना जाणवणार आहे का नाही.

नमुना म्हणून एनव्हिडियाचं जीटी १०३० बघा. २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी होती, बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माल ये-जा करायचा वेग, सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने हळू डीडीआर४ मेमरीवालं आलं, त्याची बँडविड्थ १७ जीबीच्याही खाली. नाव तेच, परफॉर्मन्स कुठल्या कुठे. बरं हा जुना किस्सा म्हणून सोडून द्यावा तर आरटीएक्स ३०६० चं पण तेच झालं, मूळ कार्ड १२ जीबी आणि १९२ बिट बसचं (बस म्हणजे मेमरीच्या रस्त्याची रुंदी), बँडविड्थ ३६० जीबी, आणि २०२२ मध्ये हळूच ८ जीबीचं आलं ते १२८ बिटचं, २४० जीबीचं. म्हणजे नुसती मेमरी कमी नाही झाली, ती मेमरी वाचायचा रस्ताही अरुंद झाला. "३०६० स्वस्तात मिळतंय" असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न, किती जीबीचं?

व्हीरॅमचं, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं, लोकांना नीट कळत नाही कारण बेंचमार्कच्या सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) ते धड दिसतच नाही. गेमची टेक्श्चर्स, म्हणजे भिंती-रस्त्यांवर चिकटवलेली चित्रं, कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की जास्तीचा माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि लागेल तेव्हा मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून ओढून आणावा लागतो, तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी हळू. मग होतं काय की मीटरवर ७० दाखवतंय, तुम्ही वळलात, नवीन गल्ली दिसायला लागली आणि तेवढ्यात एक झटका. परत सुरळीत. परत झटका. काही गेम त्याहून चलाख, ते झटका देतच नाहीत, गुपचूप भिंतीवरचं टेक्श्चर पुसट करून टाकतात आणि तुम्ही सेटिंगमध्ये अल्ट्रा बघून खूश. म्हणून १०८०पी स्क्रीनवर मोठे नवीन गेम खेळायचे असतील तर ८ जीबी ही मी तळाची पायरी धरतो, आणि जमत असेल तर १२ किंवा १६. आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपात आलं, चिप तीच, बस तीच, फक्त मेमरीचा फरक, त्यामुळे निव्वळ मेमरीने काय होतं हे बघायचं असेल तर त्या दोघांच्या फ्रेमटाइमचे, म्हणजे एकेका फ्रेमला किती वेळ लागला त्याचे, आलेख शेजारी शेजारी ठेवून बघा. सरासरीचे नाही, फ्रेमटाइमचे.

आणि एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. हे कार्ड मला कापाकापीचा उत्तम धडा वाटतं. ४ जीबी मेमरी, ६४ बिट बस, आणि वर स्लॉटच्या सोळापैकी फक्त चारच लेन, म्हणजे माल जायच्या मार्गिका, वापरतं. पीसीआय एक्सप्रेस आवृत्ती ४ च्या बोर्डवर चार लेन म्हणजे साधारण सेकंदाला ८ जीबी, ३ च्या बोर्डवर त्याच्या निम्मे. आता मेमरी कमी म्हणून सारखं स्लॉटमधून ओढायला लागणार आणि ओढायचा रस्ताच चिंचोळा. गंमत म्हणजे असं कार्ड घेणार कोण, तर ज्याचा बोर्ड जुना आहे तो, म्हणजे ज्याच्याकडे ३ चाच स्लॉट असणार. शिवाय व्हिडिओ एन्कोडर पण काढून टाकलाय, त्यामुळे गेमप्ले रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. तेच आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत, ८ जीबी आहे आणि ते १३२ वॅटमध्ये भागवतं, तिथली काटकसर चालून जाते.

प्रोसेसरमध्ये हाच खेळ कॅशेवर, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीवर, चालतो. एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि ५६००, दोन्ही सहा कोर बारा थ्रेडचे, एकाच सॉकेटचे (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), यादीत नावाच्या आकड्यात शंभराचाच फरक दिसतो. पण ५५०० म्हणजे ५६००जी चीच चिप, तिचं ग्राफिक्स बंद करून, त्यामुळे एल३ कॅशे १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ३. ५६०० मध्ये ३२ एमबी आणि ४. गेमला कॅशे भारी आवडतो, एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी टाकून जुन्या सॉकेटवरच्या लोकांना जे सुख दिलं ते कॅशेच्याच जोरावर. त्याहून फसवं म्हणजे ५७०० आणि ५७००एक्स, शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि कॅशे परत निम्मा. आठ कोर आहेत म्हणून ५७०० घेतात आणि गेममध्ये बऱ्याचदा सहा कोरवाल्या ५६०० च्या मागेच राहतात.

उलट इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढचा एफ मला आवडतो. १२४००एफ म्हणजे १२४०० च, फक्त आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड लावणारच असाल तर ते ग्राफिक्स नसतं पण वापरलं. तोटा एवढाच की उद्या कार्ड बिघडलं तर दोष कार्डाचा का बोर्डाचा हे बघायला स्क्रीनवर काही आणता येत नाही. मला चालतं.

आता हे सगळं निवडायचं कशावरून, तर मॉनिटरवरून. लोक मॉनिटर शेवटी घेतात, उरलेल्या पैशात, आणि मला ते उलटं वाटतं. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८३ लाख, आणि कार्डाला प्रत्येक फ्रेमला तेवढे रंगवायचे असतात. रिफ्रेश रेटचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते त्याचा, हिशोब वेगळा. ६० ला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ७, आणि त्या सातात आधी प्रोसेसरचं काम उरकायला पाहिजे. त्यामुळे स्पर्धात्मक शूटर १४४ वर खेळणाऱ्याने प्रोसेसरमध्ये कंजूषी करू नये, आणि रमतगमत ओपन वर्ल्ड खेळणाऱ्याने प्रोसेसरवरचे पैसे सरळ कार्डात टाकावेत. तो बॉटलनेक कॅल्क्युलेटर नावाचा प्रकार आहे ना, जो प्रोसेसर आणि कार्डात कोण कुणाला अडवतं त्याची टक्केवारी काढून देतो, त्याला कुठला गेम आणि कुठलं सेटिंग हेच माहीत नसतं, तर टक्के कसले सांगतो कुणास ठाऊक.

रॅम. एकाच्या जागी दोन कांड्या घ्या, कारण दोन चॅनल चालू झाले की बँडविड्थ दुप्पट. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, शेजारी शेजारी नाही. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एएमडीवर एक्सपो हे रॅमच्या स्पीडचं सेटिंग चालू करा, नाहीतर ६००० स्पीडची डीडीआर५ बापडी ४८०० वर चालत राहते आणि कुणाला पत्ताही नसतो. २०२५ च्या शेवटी एआयवाल्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव वर गेले, तेव्हापासून डीडीआर४ वाला एएम४, म्हणजे एएमडीच्या जुन्या सॉकेटचा, बिल्ड कुणी मोडीत काढतोय म्हणाला की मी आधी थांबवतो. नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ च लागते, मागे फिरता येत नाही. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या सॉकेटला दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, ती एक सोय.

बोर्डवर मी फार वेळ घालवत नाही. सहा कोरच्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा बोर्ड पुरतो, फक्त इंटेलच्या स्वस्त एच६१० चिपसेटच्या बोर्डवर रॅम अधिकृत स्पीडच्या वर नेता येत नाही हे माहीत असू द्या, आणि जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर टाकताना बायोस अपडेट लागतो का ते आधी बघा. प्रोसेसर न लावता बायोस टाकायचं बटण मागे असेल तर निम्मी कटकट वाचते. एसएसडीबद्दल एवढंच, सेकंदाला ७००० एमबी आणि ३५०० एमबी यातला फरक बहुतेक गेमच्या लोडिंगमध्ये हातात घड्याळ धरल्याशिवाय कळत नाही, पण क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणाऱ्या) स्वस्त ड्राइव्हवर मोठा गेम उतरवताना ड्राइव्हचा स्वतःचा वेगवान कॅशे भरला की स्पीड धापकन खाली येतो. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काच आणि लाईटवर पैसे घालू नका, हा माझा हेका आहे.

पॉवर सप्लायवर मात्र अडून बसा. त्यावरचं ८० प्लसचं ब्रॉन्झ, गोल्ड हे वीज किती वाया जाते याचं माप आहे, शॉर्ट झाला तर तो वेळेत बंद पडेल का याचं नाही. डब्याच्या बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती वॅट लिहिलेत ते बघा, प्रोसेसर आणि कार्ड तिथूनच खातात, आणि ५०० च्या डब्यावर १२ व्होल्टला जेमतेम तीनशे-साडेतीनशे असेल तर तो ५०० चा नाही. आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॅटचं, त्याला ७५०-८५० कशाला, चांगला ५५० आरामात पुरतो. आणि मॉड्युलर सप्लाय बदललात तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, कनेक्टर बसतो पण आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, ड्राइव्ह जागच्या जागी जळतात.

सेकंडहँड कार्डाला माझा विरोध नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि कार्डांचा ढीग बाजारात आला, त्यातली अजून फिरतायत. चिप सहसा ठीक असते, झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. त्यामुळे नुसता डेस्कटॉप दाखवून कार्ड चालू आहे म्हणणाऱ्याला अर्धा तास जड गेम चालवायला लावा आणि हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं, तापमान बघा. तो तयार नसेल तर राम राम.

जोडून झाल्यावर एएम५ वाल्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं आणि काळी स्क्रीन दिसली तर लगेच खोलायला बसू नका, रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डने रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. मॉनिटरची वायर बोर्डला नाही, कार्डाला लावा. आणि विंडोज आलं की डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा, तिथे ६० च निवडलेलं सापडण्याची शक्यता बरीच आहे.