ट्रिगर घासून हलका करून द्याल का?

"काका, ट्रिगर लई कडक आहे, जरा घासून द्या की." निपाणीपासून खानापूरपर्यंतची पोरं एअर रायफल घेऊन येतात आणि हेच म्हणतात. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझं आयुष्य फिटर म्हणून गेलं, कानस हातातली, म्हणून मलाच विचारतात. 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं रायफल नेमबाजीत ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून विचारणारे वाढलेत. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

कानस मी लावणार नाही. नळी मोडून भरायच्या साध्या रायफलीत दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर सिअरच्या, म्हणजे स्प्रिंग अडवून धरणाऱ्या आणि ट्रिगर ओढला की सोडणाऱ्या तुकड्याच्या, एवढ्याशा खाचेवर तोललेला असतो. मॅचच्या महागड्या रायफलीत हवा आधीच भरलेली असते, ट्रिगरला फक्त छोटा हातोडा सोडायचा असतो, म्हणून ती शंभर-एक ग्रॅमवर सुटते. ते सुख साध्या रायफलीकडून मागू नका. शिवाय खाचेवर कडक केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. तो घासला गेला की आतलं मऊ लोखंड भराभर झिजतं. एका पोरानं कुठल्याशा लेथवाल्याकडून सिअर घासून आणला होता. पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, भरताना नळी आपोआप मिटली आणि त्याचं बोट फुटलं. थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून कुणी कितीही गळ घातली तरी मी नाहीच म्हणतो.

आधी दस्त्याचे स्क्रू बघा. आपल्या बेळगावच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि चैत्रापर्यंत स्क्रू निम्मे ढिले झालेले असतात. दस्ता हलला की ट्रिगर स्पंजासारखा लागतो आणि दोष मात्र सिअरला मिळतो. बेतानं आवळा, लाकूड चिरडेल इतकं नको.

मग बॅगा तोलायचा डिजिटल काटा घ्या. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवायची, पेलेट भरायची, तोंड पेलेट ट्रॅपकडे, म्हणजे गोळी अडवणाऱ्या पेटीकडे. काट्याचा हूक ट्रिगरला लावून सरळ मागं ओढायचं आणि सुटताना किती आकडा दिसला तो लिहायचा, असं दहा वेळा. रिकामी रायफल कधीच सोडू नका, पुढे हवेची उशी नसल्यानं पिस्टन धाडकन आदळतो.

निपाणीच्या एका मुलीच्या रायफलीचे आकडे 1.7 किलोपासून 2.4 पर्यंत उड्या मारत होते. हात बिघडवतो तो हा चढउतार. दोन किलो रोज दोनच असतील तर बोट शिकतं. जुनं ग्रीस वाळून मधासारखं चिकट झालं होतं. ते पुसलं आणि सिअरच्या घासणाऱ्या जागी काडीच्या टोकानं तीळभर मोली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस लावलं. आकडे 1.7 ते 1.8 मध्ये आले. तेल मात्र ओतू नका, सिलिंडरमध्ये उतरलं तर दाबानं पेटतं. ट्रिगरमागचा स्क्रू असेल तर पाव-पाव फेराच फिरवा. दर वेळी पेलेट न भरता, नळी हातात घट्ट धरून, कॉक होऊन, म्हणजे स्प्रिंग दाबून सिअरवर अडकून, टिकते का ते तपासा. शंका आली तर स्क्रू होता तिथं परत न्या.

एवढं करूनही ती म्हणाली, "काका, अजून कडकच लागतंय." मग मी तिचं बोट बघितलं. दस्ता तिला लांब पडत होता. ट्रिगरवर नखाजवळचं टोक जेमतेम पोचायचं, आणि बोटाची बाजू लाकडाला घासायची. बटचा जाड रबरी पॅड काढला, अंतर बोटभर कमी झालं. पहिल्या पेरातल्या मांसल भागावर ट्रिगर बसला, बोट आणि लाकूड यांत कागद सरकेल एवढी फट राहिली. तिनं पाच पेलेट मारल्या आणि विचारलं, "काका, आत काय बदललात?"

आत मी काहीच बदललं नव्हतं.

तुमची रायफल रविवारी सकाळी घेऊन या. पेलेट काढून, कॉक न करता, पिशवीत घालून आणा. आणि येताना जो नेमबाजी करतो त्यालाही आणा, नुसती रायफल बघून मला काही सांगता येत नाही.