आईचे कान

सोमवार, रात्री

आईच्या डोळ्यांचं आज स्पष्टच कळलं. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं व्यवस्थित आहेत, पण पडदा खराब होत चाललाय. मधलं दिसणं कमी होत जाणार, कडेचं राहील. आता लक्षात येतं, गेले काही महिने ती माझ्याशी बोलताना तोंड खिडकीकडे का वळवते ते. मला वाटायचं, तिचं लक्ष नाही. खरं तर कडेच्या नजरेने ती मलाच बघत असते.

दर श्रावणात ती ज्ञानेश्वरी वाचते. सप्ताहासारखी सात दिवसांत नाही, महिनाभर, रोज थोडी थोडी. आंघोळ झाली की लाल बासन सोडायचं, पोथी ठवणीवर ठेवायची आणि बोट ओळीखाली धरून वाचायचं. यंदा बारा अध्याय तिने भिंग घेऊन कसेबसे ओढले. आज तेरावा उघडला, बराच वेळ पानावर वाकून बसली आणि बासन पुन्हा बांधून टाकलं. म्हणाली, "ज्या अक्षरावर बोट ठेवते, तेच नाहीसं होतं. आजूबाजूची दिसतात."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

मंगळवार, रात्री

फोनवर ज्ञानेश्वरीचा मजकूर मिळाला. आधी अक्षर मोठं करून पाहिलं. लिंबाएवढं केलं तेव्हा तिला दिसलं, पण मग पडद्यावर एका वेळी दीडच शब्द मावतो. ओवी अशी तुकड्यातुकड्याने वाचता येत नाही. तीन चरणांची यमकं एकामागून एक कानावर पडली पाहिजेत आणि चौथा आखूड चरण येऊन थांबला पाहिजे, तेव्हा ती ओवी होते.

मग वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. सोय मोठी आहे, यात शंका नाही. रोजचा पेपर ती आता असाच ऐकते आणि निधनवार्ताही चुकवत नाही. पण पोथी सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला तिने हात वर केला. आवाजाने 'ज्ञान'चं 'ग्यान' केलं होतं. पुढे जुन्या लेखनातला प्रत्येक अनुस्वार तो नाकातून म्हणायला लागला. तें, कां, जैसें, सगळीकडे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार आपल्या लिहिण्यातून गेले, पोथीत ते आहेत. आईने ते आयुष्यभर डोळ्यांनी पाहिले आणि तोंडाने सोडून दिले. यंत्राला हे कुणी सांगितलेलं नाही.

मग आला 'जन्ममृत्युजराव्याधि'चा श्लोक. आपल्याकडे 'जरा थांब'मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला ज वेगळा. 'चार माणसं' आणि 'गुरांचा चारा' यांतल्या च चंही तसंच. लिहिताना दोन्हींना एकच अक्षर, फरक फक्त जिभेला माहीत. आवाजाने 'जरा थांब'वाला ज लावला. आई म्हणाली, "अगं, ही जरा नाही, ती जरा." कागदावर हे वाक्य वेडगळ दिसेल, पण ज्याला मराठी येतं त्याला तिने काय दुरुस्त केलं ते ऐकू येईल.

पण मला लिहायचं आहे ते यापुढचं. त्या श्लोकावर माउलींनी म्हातारपण किती जवळून दाखवलं आहे! आजचं भरलेलं अंग उद्या वाळलेल्या काचरीसारखं होईल, असं सांगत सांगत ते डोळ्यांवर येतात. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे हे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील. ही ओवी पुढे आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. आली तेव्हा माझा हात फोन बंद करायला उठला, पण तोवर आवाज ती त्याच सुरात म्हणून पुढच्या ओवीवर गेलाही होता. आई भिंतीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे. म्हणाली, "पंधरा वर्षांच्या पोराला हे कसं कळलं असेल गं?"

परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७चा, म्हणजे १२७५चा धरतात आणि ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, १२९० साली. भिंत चालली, रेड्याने वेद म्हटले, यावर मी आईशी कधी वाद घातला नाही. मला ते घडलं असं वाटत नाही आणि तिला ते माहीत आहे. पण मिसरूड फुटण्याच्या वयाच्या मुलाने पिकलेल्या पडवळात म्हातारे डोळे पाहिले, हे घडलं आहे. ते पानावर आहे. माझी श्रद्धा म्हणायची तर तिथे आहे.

गुरुवार, दुपारी, कामावर

सकाळी आमच्या आळीच्या ग्रुपवर नानांनी एक चित्र पाठवलं. माउलींचं तेजस्वी चित्र, खाली चार ओळी आणि शेवटी 'संत ज्ञानेश्वर'. तीसेक जणांनी हात जोडले होते. मी आईला वाचून दाखवलं. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "हे माउलींचं नाही."

कशावरून, विचारलं. एक तर चारही ओळी सारख्या लांबीच्या होत्या आणि दोन-दोन ओळींची यमकं जुळवली होती. ज्ञानेश्वरीची ओवी अशी चालत नाही. आणि त्यात 'सकारात्मक' हा शब्द होता! आईने एवढं फोडून सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, "आत्ताच बारा अध्याय झालेत माझे. कानात आहेत. त्यात हे बसत नाही."

मी छपाईच्या कामातली. डीटीपी करते, प्रुफं वाचते. कुणी मजकूर आणून दिला की तो कुठून आला हे बघायची सवय आहे. म्हणून प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या एका एआयला विचारलं, ही ओवी ज्ञानेश्वरीत कुठे आहे? अजिबात न अडखळता उत्तर आलं: अध्याय बारावा, ओवी ३१२. खाली सुरेख अर्थही दिला होता.

आईची पोथी काढली. बारावा अध्याय २४७ ओव्यांत संपतो.

मी ती पोथी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. चुका होतात, रोज माझ्या हातून होतात. लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली तर काय होतं, हे मी भोगलेलं आहे. पण चूक करणाऱ्याला निदान शंका तरी येते. इथे शंकेला जागाच नव्हती. आणि आईसारखे कान ज्या घरात नाहीत, पोथी ज्या घरात नाही, तिथे ते ३१२ खरं धरलं जाणार. उद्या तोच आकडा कुणाच्या तरी भाषणात येईल, परवा स्मरणिकेच्या लेखात, आणि तो लेख पान लावायला माझ्याच टेबलावर येईल.

ग्रुपवर मी नम्रपणे लिहिलं की नाना, ह्या ओळी ज्ञानेश्वरीत नाहीत, चित्र पुढे पाठवू नये. नाना वडीलधारे आहेत, दर आषाढीला वारीत चालतात. त्यांचं उत्तर आलं, "विचार चांगला आहे ना ताई, नाव कुणाचं का असेना."

यावर तेव्हापासून मनात बोलत राहिले. विचार चांगला आहे, तर तो ज्याचा आहे त्याच्या नावाने जाऊ दे. नाव सापडत नसेल तर बिननावाचा जाऊ दे. पण माउलींचं नाव हा कुठल्याही मालावर मारायचा शिक्का नाही.

शनिवार, रात्री

आज नानांच्या घरी जाऊन आले. असं बोलणं फोनवर होत नाही. चहा झाला आणि मग मी एकनाथ महाराजांचा विषय काढला.

ज्ञानेश्वरी झाल्यावर जवळजवळ तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात होती. लिहिणारा कधी चुकायचा, कधी अवघड शब्दाच्या जागी सोपा घालायचा, कधी स्वतःची एखादी ओवीही जोडायचा. शके १५०६, म्हणजे १५८४ साली पैठणला नाथांनी पाठ तपासून ग्रंथ शुद्ध केला. स्वतः केवढे कवी! पण त्या शेवटच्या ओव्यांत ते स्वतःची थोरवी सांगत नाहीत. म्हणतात, ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरांनी, म्हणजे पाठभेदांनी, बिघडला, तो शोधून 'प्रतिशुद्ध' केला. हा शब्द मला फार आवडतो. नवीन काही केलं नाही, होतं तसं परत आणलं. प्रूफ वाचणाऱ्याने दुसरं काय करायचं असतं?

आणि पुढे त्यांनी बजावून ठेवलंय की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा.

नानांना हे ठाऊक होतं. वारकरी माणूस, त्यांना ठाऊक नसेल कसं! पण नाथांची ती ओवी आणि फोनवरचं चित्र त्यांनी एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. नानी आतून खोबरं खवून झाल्यावरची नरोटी घेऊन बाहेर आल्या, केराच्या डब्याकडे निघाल्या होत्या. नाना त्या नरोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काढून टाकतो ताई." पण सगळ्यांच्या फोनवरून ते चित्र त्यांना काढता येईना. तेव्हा त्यांनी खाली लिहिलं की ह्या ओळी माउलींच्या नाहीत, माझ्याकडून चूक झाली. पंच्याहत्तरीच्या माणसाने चारचौघांत असं लिहायला मन मोठं लागतं. मी वाकून नमस्कार केला आणि निघाले.

पाठभेद हा काही पापाचा विषय नाही, हेही लिहून ठेवते. इतिहासकार राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि साखरे महाराजांच्या परंपरेतली प्रत यांत ओव्यांची संख्यासुद्धा सारखी नाही. आमच्या घरच्या प्रतीत ९०३३ आहेत. पण त्या प्रत्येक फरकाच्या मागे एखादं हस्तलिखित आहे, आणि ते घेऊन रात्र रात्र बसलेलं माणूस आहे. ३१२च्या मागे कुणीही नाही.

रविवार, रात्री

आईची एक अडचण मला उशिरा कळली. "नुसतं ऐकलेलं पारायणात धरायचं का गं? वाचायला पाहिजे ना आपण?" आठवडाभर तिच्या मनात हे होतं. डोळे जाण्यापेक्षा तिला हे जास्त लागलं होतं.

मी तिला नेवाशाची आठवण दिली. नगरहून साठेक किलोमीटर, बाबा होते तेव्हा आम्ही एसटीने जायचो. देवळातला तो पैसाचा खांब, ज्याला टेकून माउलींनी गीता सांगितली असं मानतात. सांगितली! लिहून घेतली ती सच्चिदानंदबाबांनी. समोर बसलेल्यांच्या हातात तेव्हा पोथी कुठे होती? त्यांनी ऐकलीच. नववा अध्याय तर श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. एकदा लक्ष द्या म्हणजे सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं ते म्हणतात. बघा म्हणत नाहीत.

आई गप्प झाली. मग म्हणाली, "मग तूच वाच."

आजपासून सुरू केलं. संध्याकाळी दिवा लागल्यावर मी वाचते आणि फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड करते, म्हणजे मी कामावर असताना तिला पुन्हा ऐकता येईल. तेराव्यापासून अठराव्यापर्यंत सहा अध्याय उरलेत, त्यातला शेवटचा सगळ्यांत मोठा. श्रावणात पुरे होणार नाहीत. भाद्रपद वद्य षष्ठीला, नाथांनी काम पुरं केलं त्या तिथीला, संपवायचे ठरवलंय.

मला वाटलं होतं, मला वाचता येतं. जन्म अक्षरांत गेला. पण डोळ्यांनी वाचणं आणि मोठ्याने वाचणं यांत एवढं अंतर असेल ही कल्पना नव्हती. कुठे श्वास घ्यायचा तेच कळेना. आई मधूनमधून टोकत होती, "ऱ्हस्व." "तोड नको तिथे." "पुन्हा म्हण." रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं आलंय, मागे कुकरच्या दोन शिट्ट्याही आहेत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, पाठव, आजीचा आवाज कापून नीट करून देतो. मी नको म्हटलं. नंतर कधीतरी तेच ऐकावंसं वाटणार आहे.

मग ते डोळ्यांचं आलं. पहिला चरण म्हटला, दुसरा म्हटला आणि पुढे 'पडवळ' दिसलं. घशातून आवाज निघेना. फोनचे सेकंद पुढे चाललेले दिसत होते. आईने हात चाचपत माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"थांबलीस का? पाठ आहे मला ती. वाच."

मी वाचली.